अंगावरून गेलेले वारे

दिवाळीच्या अंकात, चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचायच्या पानांत, रोगराईचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. मी काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात एका खेड्यातल्या शाळेत मुलांना मराठी आणि इतिहास शिकवावा, उरल्या वेळात कादंबरी लिहावी, एवढाच माझा उद्योग. पण गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या जुन्या दप्तराची आवराआवर माझ्याकडे आली आणि जनरल रजिस्टरातल्या एका रकान्याने मला चार-आठ दिवस धरून ठेवले.

तो रकाना शेऱ्याचा. मुलाचे नाव, जन्मतारीख, दाखल कधी झाला, नाव कधी काढले, हे सगळे लिहून झाले की अगदी शेवटी शेरा. तो बहुधा कोराच असतो. पण मधूनच, निरनिराळ्या हेडमास्तरांच्या निरनिराळ्या वळणाच्या अक्षरांत, काहीतरी लिहिलेले सापडते. 'पायाने अधू'. 'उजवा पाय लुळा'. 'फेपरे येते, विहिरीकडे जाऊ देऊ नये'. पाने उलटता उलटता माझ्याच वर्गाचे पान निघाले. आमच्या वर्गात 'पायाने अधू' असे दोघे. त्यांतला एक माझ्या मागच्या बाकावर बसे. पाऊल टाकताना तो गुडघ्यावर हात दाबून चालायचा, आणि त्याच्या चड्डीचा तेवढाच भाग नेहमी मळलेला असे. लंगडीच्या डावात आम्ही त्याला पंच करीत असू. त्यात काही विपरीत आहे, हे त्या वयात कुणाच्या ध्यानातही आले नाही.

पुढची पाने चाळली तसा हा शेरा विरळ होत गेला. गेल्या पंधरा वर्षांत दाखल झालेल्या मुलांच्या पानांवर तो नाहीच. मी आज ज्या वर्गांवर जातो त्यांत पोलिओने पाय गेलेले मूल एकही नाही. मात्र त्याच मुलांच्या घरी काही निमित्ताने जावे, तर ओसरीवर बाजेवर कोणीतरी बसलेले असते. एक हात मांडीवर मेल्यासारखा पडलेला, तोंड एका अंगाला ओढलेले, बोलणे घरच्यांनाच कळेल असे. कधी तो आजा असतो, आणि हल्ली कधी कधी बापही असतो. रोग तोच नव्हे. पण बिघडते ते तेच: मेंदू, पाठीचा कणा आणि त्यांतून निघणारे मज्जातंतू. रजिस्टरातून जे गेले ते ओसरीवर कसे येऊन बसले, हे मला कळून घ्यावेसे वाटले.

आपल्या लोकांनी या साऱ्या व्याधींना पूर्वापार एकच धनी नेमून दिला होता, तो म्हणजे वारा. 'अंगावरून वारं गेलं' असे आपण म्हणतो, ते काही अडाणी बोलणे नव्हे; त्यामागे मोठे शास्त्र उभे आहे. चरकाने वाताचे ऐंशी विकार सांगितले. अर्धे अंग जाणे तो पक्षवध, तोंड वाकडे होणे ते अर्दित, कंबरेपासून टाचेपर्यंत कळ मारणे ती गृध्रसी. अंग धनुष्यासारखे वाकले की धनुस्तंभ. त्यालाच आपण धनुर्वात म्हणतो. आणि ज्यात स्मृती जाते तो अपस्मार. आमच्या मराठवाड्यात यांच्या जोडीला आणखी एक शब्द आला, 'लकवा'. हा मूळचा अरबी. युनानी हकिमांच्या भाषेत लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडे होणे. अर्धे अंग जाण्याला ते फालिज म्हणत. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो, तेव्हा दवाखाना आणि कचेरी दोन्हींची भाषा उर्दूच. पण आमच्या लोकांनी फालिज हकिमाला परत केला आणि तोंडापुरता असलेला लकवा सगळ्या अंगाला लावून टाकला. फेपऱ्याला कांदा नाहीतर पायताण हुंगवायचे, लकव्याला कबुतराचे रक्त चोळायचे, हे उपाय कोणत्या ग्रंथातले ते मात्र मला सापडलेले नाही.

नावे इतकी होती, पण माणसे किती होती? त्याचा हिशेब कुणी ठेवला नाही, आणि ही गोष्ट वाटते त्याहून चमत्कारिक आहे. कारण इंग्रजांना मोजण्याचा मोठा सोस. १८७२ पासून १९३१ पर्यंतच्या शिरगणतीत 'व्यंगे' म्हणून एक वेगळा तक्ताच असे. निजामाच्या मुलखातही १८८१ पासून शिरगणती सुरू झाली आणि तिथेही तोच शिरस्ता. या तक्त्यात चार प्रकारची माणसे मोजली जात: वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. लुळ्या-पांगळ्यांना त्यात जागाच नव्हती. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी जालन्याच्या बाजारात किती आंधळे होते हे सरकारला ठाऊक, पण किती लोक कुबडीवर चालत होते हे नाही. १९३१ नंतर हा तक्ताच बंद पडला. पुढे १९८१ च्या जनगणनेत, अपंगांच्या आंतरराष्ट्रीय वर्षाच्या निमित्ताने, 'पूर्ण पांगळे' किती हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला. त्याच साली १ मे रोजी औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांचे तालुके तोडून आमचा जालना जिल्हा झाला. १९९१ मध्ये तो प्रश्न पुन्हा गाळला आणि २००१ मध्ये पुन्हा घेतला. जनगणनेची वही घेऊन दारोदार हिंडायचे काम आम्हा मास्तरांच्याच गळ्यात पडते, म्हणून हे जरा विस्ताराने सांगितले.

न मोजताही ज्याची आठवण कागदावर राहिली असा एक रोग आहे. तो आमच्याकडचा नव्हे, वऱ्हाडापलीकडचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे धानाच्या बांधीत, भात कापण्याआधीच, लाख नावाचे कडधान्य फेकतात. तिकडे लाखोळीही म्हणतात. नांगरट नको, पाणी नको. दुष्काळात गहू-हरभरा जळून जातो, पण लाख उभी राहते. आणि तोच घात. दुसरे काही पिकले नाही म्हणून माणूस महिनोन् महिने तीच खात राहिला, तर त्याचे कंबरेखालचे अंग आखडत जाते. आधी काठी लागते, मग दोन काठ्या, मग ढुंगणावर सरकणे. सुश्रुताला हा रोग 'कलायखंज' म्हणून माहीत होता. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशातही या डाळीने माणूस लंगडा होतो असे सांगितले आहे. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला शाळेत शिकवला जातो तो स्लीमन सागर जिल्ह्यात होता. त्याने १८४४ साली छापलेल्या पुस्तकात एका खेड्याची हकीकत लिहिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, १८३० साली पाऊस नाही, १८३१ साली तांबेरा. तीन वर्षे लोकांनी ही डाळ खाल्ली. १८३३ पासून तिशीच्या आतली माणसे एकाएकी पायांतून जाऊ लागली, आणि दोन वर्षांत गावातली निम्मी तरुण मंडळी, बाया आणि बाप्ये दोन्ही, या रोगाने धरली. रेव्याकडे तर मालक सालदाराची मजुरीच या डाळीत चुकवीत. म्हणजे ज्याने राबायचे त्याच्याच पायांवर घाव. १९६१ साली केंद्र सरकारने या डाळीच्या विक्रीवर बंदी घातली, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच आपल्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातले विष वेगळे काढून दाखवले. पण माझ्या मते हा रोग कायद्याने मागे हटला नाही. लोकांच्या ताटात गहू-तांदूळ येऊ लागला, आणि केवळ लाखेवर जगण्याची पाळी कमी लोकांवर आली, तसा तो हटला. डाळ अजून पिकते, आणि लोक ती हौसेने खातातही.

लाखेचा रोग कमावत्या माणसाचा. पण बाकी सगळी धाड मुलांवरच असे.

धनुर्वाताची गोष्ट घ्या. बाळंतिणीच्या खोलीत नाळ कापायची ती विळ्याने, आणि वर राख किंवा शेण लावायचे. जन्मले तेव्हा बाळ ठणठणीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते अंगावर प्यायचे सोडी, जबडा मिटला जाई, आणि आठवडा संपायच्या आत अंग धनुष्यासारखे ताठ होऊन सारे संपे. आपल्याकडे पाचवी-सहावीची पूजा असते. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते, म्हणून आयाबाया जागत बसतात. मला पुष्कळदा वाटते, की या जागरणामागे त्याच आठवड्याची धास्ती असावी. हा केवळ माझा तर्क आहे. विद्वानांनी तो मनावर घेऊ नये. पोटुशा बायांना धनुर्वाताची लस टोचणे सुरू झाले, बाळंतपणे दवाखान्यात होऊ लागली, नाळेला नवे पाते आले. आणि २०१५ साली हा नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून सार्वजनिक प्रश्न म्हणून संपल्याचे जाहीर झाले. एवढी मोठी बातमी, पण तिचे ढोल कुठे वाजल्याचे मला आठवत नाही. सटवाईची पूजा चालू आहे, आणि चालू राहावी.

दुसरा मेंदूज्वर. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र निघाले. त्याच्या शास्त्रज्ञांना १९६५ साली नागपूरकडे तापाची साथ तपासताना रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. ज्या वस्तीत सापडला तिचे नाव त्याला दिले: चांदीपुरा. पुढे जवळजवळ चाळीस वर्षे तो निरुपद्रवी समजून कपाटात राहिला. २००३ साली आंध्रात त्याने ३२९ मुले धरली, त्यांतली १८३ गेली. सकाळी ताप, संध्याकाळी झटके, आणि बहुतेकांचा निकाल दोन दिवसांत. हा विषाणू वाहणारी माशी डासाहून लहान. ती मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. आमच्या खेड्यांत पांढऱ्या मातीची घरे अजून उभी आहेत, म्हणून ही माहिती मी मुलांना आवर्जून सांगतो.

महारोगाला आपण कातडीचा रोग समजतो. वस्तुतः त्याचा जंतू मज्जातंतूंत घर करतो, म्हणून बोटांना चटका कळत नाही. १९८१ साली देशात दर दहा हजारांत ५७ च्या वर रुग्ण होते, २००५ अखेर ते एकाच्या खाली आले. बाबा आमट्यांच्या आनंदवनावर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबतो.

आता पोलिओ. त्याच्याकडे थोडे सावकाश पाहिले पाहिजे.

इंग्रजी अमदानीत डॉक्टरांची अशी समजूत होती की पोलिओ हा थंड आणि स्वच्छ देशांचा रोग. अमेरिकेत त्याच्या साथी येतात, हिंदुस्थानात तो क्वचित. समजूत होण्याचे कारण असे, की आपल्याकडे तो साथ होऊन येतच नसे. पाण्यातून, मळातून तो बाराही महिने फिरे, आणि दीड-दोन वर्षांच्या आतल्या प्रत्येक मुलाला गाठे. दर दोनशे मुलांत एखाद्याचा पाय कायमचा जाई. कोणत्याही एका वर्षी कोणत्याही एका गावात एखादेच मूल. आरडाओरडा व्हावा तरी कशाला? मुंबईत फातिमा इस्माइल यांच्या लेकीला हा रोग झाला तेव्हा त्यांनी स्वातंत्र्याच्या सुमारास अपंग मुलांसाठी संस्था काढली, आणि त्यातून हाजी अलीचे मुलांचे रुग्णालय उभे राहिले. पण खेड्यात लंगडे मूल म्हणजे कुणाच्या तरी नशिबाची गोष्ट होती, रोगाची नव्हे.

ही समजूत मोडली ती मास्तरांच्या हजेरीपटाने. १९७० नंतरच्या दशकात आफ्रिकेतल्या घाना देशात काही डॉक्टरांना युक्ती सुचली, की आजारी मूल शोधत बसण्यापेक्षा शाळेत जाऊन लंगडणारी मुले मोजावीत. त्यांनी शिक्षकांकडे प्रश्नावल्या पाठवल्या, मुले तपासली, आणि 'क्वचित' म्हणून जो रोग नोंदला होता तो अमेरिकेतल्या साथींच्या तोडीचा निघाला. तीच पद्धत १९८१-८२ च्या सुमारास आपल्या देशात वापरली, तेव्हा कळले की वर्षाला लाखांच्या घरात मुले अधू होत आहेत. आमच्या शाळेतले ते 'पायाने अधू' शेरे ज्या हेडमास्तरांनी लिहिले, त्यांना आपण काय नोंदवून ठेवतो आहोत याची कल्पना नव्हती. मला वाटते त्यांनी ते केवळ कवायतीतून सूट द्यावी म्हणून लिहिले असावेत.

इथे सुईचा एक किस्सा सांगितला पाहिजे, कारण तो घरोघरी आहे. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलाची आई सांगे, "चांगला चालत होता हो. ताप आला, डाक्तरनं सुई दिली आन् पाय गेला." अशी सांगणारी आई प्रत्येक गावात सापडे, आणि शिकलेले लोक तिला हसत. ताप हाच पोलिओचा होता, पाय जायचाच होता, सुईचा काय संबंध? पण १९५० च्या सुमारास इंग्लंडातच असे दिसून आले, की पोलिओचा विषाणू अंगात असताना मांसात सुई टोचली, तर नेमका तोच अवयव जाण्याचा संभव वाढतो. आपल्याकडेही पुढे डॉक्टरांनी हेच पाहिले. साध्या तापाला सुई देण्याची आणि मागण्याची जी खोड आपल्या खेड्यांना लागली, तिने किती पाय घेतले असतील! त्या माउलीचे बोलणे निम्मे खरे होते, आणि आम्ही ते पुरते खोटे ठरवले.

लस आली ती साल्कची १९५५ साली, मग सेबिनची तोंडाने द्यायची. सरकारी लसीकरणात तिचा समावेश १९७९ च्या सुमारास झाला. १९९५ च्या डिसेंबरात देशभर एकाच दिवशी सगळ्या मुलांना डोस पाजण्याचा घाट घातला गेला. मी नोकरीला लागलो त्यानंतर कितीतरी पोलिओ रविवार मंदिराच्या पारावर टेबल टाकून काढले आहेत. डाव्या करंगळीला शाई, दुसऱ्या दिवशी राहिलेल्या मुलांसाठी घरोघर, दारावर खडूने खूण. लोक कंटाळत, आम्हीही कंटाळत असू, आणि शाळा बुडते म्हणून कुरकुरतही असू. पण या डोसांइतकेच मोलाचे एक काम पडद्याआड चालले होते, ते मला फार उशिरा कळले. १९९७ पासून असा नियम झाला की पंधरा वर्षांच्या आतल्या कोणत्याही मुलाचा हातपाय एकाएकी लुळा पडला, मग कारण काहीही असो, तर त्याची वर्दी लागलीच द्यायची. चौदा दिवसांच्या आत, एक दिवसाच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यायचे, बर्फाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत पाठवायचे. आपल्याकडची प्रयोगशाळा मुंबईत, परळला. म्हणजे ज्या देशाने लंगड्या मुलाला शिरगणतीत जागा दिली नव्हती, तोच देश आता प्रत्येक लुळ्या पायामागे बर्फाचा डबा घेऊन धावू लागला. २००९ साली भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, साऱ्या जगातले जवळपास निम्मे. २०१० साली ४२. २०११ साली एक: १३ जानेवारीला पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात लुळी पडलेली एक मुलगी. त्यानंतर कोणीही नाही. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

त्याच २०११ साली, आषाढात, माझ्या वडिलांच्या अंगावरून वारे गेले.

आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. पहाटे ते गोठ्यात गेले, आणि बादली हातातून पडली. उजवा हात उचलेना, बोलायला गेले तर घशातून नुसता आवाज. घटकाभरात निम्मे गाव ओसरीवर. शेजारच्या काकांनी निदान केले, "वारं गेलं मास्तर, घाबरू नका. ऊब धरा, अंगाला वारा लागू देऊ नका." दारे-खिडक्या लावल्या, शेक दिला, तेल चोळले. कुणी कबुतर आणायला गेले. मी हे सगळे पाहत होतो. ज्याने दर वर्षी पोलिओचा बूथ चालवला, लुळ्या पायाची वर्दी कशी द्यायची ते ज्याला पाठ होते, तो मी अण्णांना जीपमध्ये घातले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. शहरातल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता झालं?" मी सांगितले. ते काही बोलले नाहीत. रक्तदाब मोजायचा पट्टा अण्णांच्या दंडाला आयुष्यात पहिल्यांदा बांधला गेला तो त्या दिवशी.

पुढे मी वाचले ते असे. मेंदूच्या धमनीत गुठळी अडकली, की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात. गुठळी विरघळवणारे औषध आहे. ते तीन तासांत द्यावे असे १९९५ साली सिद्ध झाले होते, आणि २००८ साली ती मुदत साडेचार तासांपर्यंत लांबली. पण ते देण्याआधी डोक्याचा सी. टी. स्कॅन काढावा लागतो, कारण गुठळी नसून रक्तस्राव असला तर तेच औषध प्राण घेते. २०११ साली आमच्या गावापासून हे सगळे मिळेल अशा ठिकाणी साडेचार तासांत पोचता आले असते की नाही, मला सांगता येत नाही. १०८ नंबरची गाडी महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. मात्र आम्ही निघालोच नाही, एवढे खरे.

आता देशाचा हिशेब पाहू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि तिच्या जोडीदार संस्थांनी १९९० ते २०१९ या तीस वर्षांतल्या मज्जासंस्थेच्या रोगांचा ताळेबंद मांडला. तो २०२१ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात छापून आला. अकाली मरणाने गेलेली वर्षे आणि अधूपणात काढलेली वर्षे यांची बेरीज करून कोणत्या रोगाचा देशावर किती भार, हे त्यात काढले आहे. १९९० साली एकूण भारात जंतूंमुळे होणाऱ्या मज्जासंस्थेच्या रोगांचा, म्हणजे मेंदूज्वर, धनुर्वात वगैरेंचा, वाटा होता शेकडा ४.१. लकवा, फेपरे, डोकेदुखी, म्हातारचळ असल्या न लागणाऱ्या रोगांचा शेकडा ४.०. तराजू जवळजवळ बरोबरीत. २०१९ साली पहिले पारडे उतरून १.१ वर आले, आणि दुसरे चढून ८.२ वर गेले. अपघातात डोक्याला किंवा कण्याला झालेल्या इजांचा वाटाही ०.२ वरून ०.६ झाला, आमच्या जिल्ह्यातून आता समृद्धी महामार्ग जातो, तेव्हा हा आकडा मी जरा काळजीनेच वाचला. मज्जासंस्थेच्या एकंदर भारात सर्वांत मोठा वाटा लकव्याचा, शेकडा ३७.९. त्या एका वर्षात सुमारे ७ लाख माणसे त्याने गेली.

दुसरा क्रमांक वाचून मी थबकलो. डोकेदुखी, शेकडा १७.५. आमची आजी महिन्यातून दोनदा कपाळाला फडके घट्ट बांधून, दिव्याकडे पाठ करून, चुलीपुढे भाकऱ्या थापीत असे. अर्धशिशी म्हणे. तो रोग आहे असे घरात कुणीही कधी म्हटले नाही, आणि स्वयंपाकही कधी चुकला नाही.

हे पारडे चढले ते सगळेच वाईट झाले म्हणून नव्हे. १९५१ च्या सुमारास आपले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. आता ते सत्तरीला टेकले आहे. जो धनुर्वाताने आठव्या दिवशी जायचा, तो साठी गाठू लागला, आणि साठीचे रोग त्याला भेटू लागले. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारोदार जाऊन १४,०१० माणसे तपासली होती. ती मोजणी १९८८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कंपवाताचे प्रमाण लाखात ३२८ निघाले. आकडा मोठा, पण पारशी समाजात म्हातारी माणसेच जास्त. त्यांची वसाहत म्हणजे आपल्या पुढच्या काळाचाच नमुना होता असे आता वाटते. साठीच्या पुढच्या दर शंभर भारतीयांत सात जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा २०२३ सालचा अंदाज आहे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणून आपण तो हसण्यावारी नेतो.

पण वयाने सगळे उलगडत नाही. अण्णा तेव्हा साठीचेही नव्हते. तंबाखू, खारट ठेचा, लोणचे, चुलीचा धूर, आणि कधीही न मोजलेला रक्तदाब, हे सारे त्यांच्या बाजूला उभे होते. लकव्याला कारण होणाऱ्या गोष्टींची यादी पाहिली, तर त्यात हीच नावे येतात.

आणि मुलांच्या लुळेपणावरचा तो पहारा अजून जागा आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला गिलन-बॅरे नावाच्या आजाराने माणसे हातापायांतून जाऊ लागली, तेव्हा थोड्याच दिवसांत ते ध्यानात आले, पाण्याचे नमुने गेले, आणि रुग्णांची मोजदाद दोनशेच्या वर पोचली ती रोजच्या रोज वर्तमानपत्रांत छापून येत होती. लकव्याची अशी वर्दी कुणी कुणाला द्यायची नसते. मुंबईच्या एका भागात डॉ. दलाल यांनी २००५-०६ साली रीतसर नोंदणी केली, तेव्हा वर्षाला लाखात सुमारे १४५ नवे रुग्ण निघाले. अशी नोंद जालन्याची माझ्या पाहण्यात नाही.

अण्णा त्यानंतर सहा वर्षे होते. माझी मुलगी तेव्हा बालवाडीत. तिच्या पाटीवर ते डाव्या हाताने अक्षरे गिरवीत. 'ग' त्यांना जमे, 'ण' जमत नसे; मग ती त्यांचा हात धरून गिरवून घेई, आणि चुकले की माझ्यासारखा आवाज काढून रागवे.

शाळा उघडल्यावर मी सातवीच्या मुलांना निबंधाऐवजी एक काम दिले. आपल्या घरात कुणाचा हात, पाय किंवा वाचा गेली असेल, तर कोणाची, कधी आणि त्या वेळी घरच्यांनी आधी काय केले, ते वडीलधाऱ्यांना विचारून चार ओळींत लिहून आणायचे. वाटेल त्याने लिहावे, नको त्याने लिहू नये. वह्या आल्या. पहिली उघडली ती एका मुलीची होती. तिने एवढेच लिहिले होते, 'आमच्या बाबांचा डावा हात. मागच्या पोळ्यापासून. आधी तेल लावलं.' तिचा बाप माझ्याबरोबर शाळेत होता, लंगडीत सगळ्यात चपळ.